लाखाचे पिस्तूल आणि रबराचे कडे

प्रति,
माननीय संपादक,
वाचकांचा पत्रव्यवहार विभाग

विषय : एअर पिस्तुलांतील झिजणाऱ्या लहान भागांची देखभाल

महोदय,

२०२४ सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकर यांनी दहा मीटर एअर पिस्तूल प्रकारात आणि कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पन्नास मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून आपल्या सोलापुरातही नेमबाजीची चौकशी करणारे पालक वरचेवर भेटू लागले आहेत. प्रशिक्षक कोण, रेंज कुठे, फी किती, शिष्यवृत्ती मिळते का, यांविषयी वृत्तपत्रांतून अधूनमधून लिहिले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु हा खेळ ज्या यंत्रावर खेळला जातो त्या यंत्राच्या देखभालीविषयी मराठीत क्वचितच काही वाचायला मिळते. माझा पेशा यंत्रमाग कारखान्यातील देखभालीचा होता आणि निवृत्तीनंतर हौसेपोटी मी मुलांच्या एअर पिस्तुलांची साफसफाई व किरकोळ दुरुस्ती पाहतो. त्या अनुभवावरून चार गोष्टी मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

परदेशी बनावटीचे स्पर्धेचे एअर पिस्तूल आज लाखाच्या पुढे जाते. आईवडील कर्ज काढून, दागिना मोडून, नातेवाइकांकडून उसने घेऊन ते मुलाच्या हाती देतात. मात्र त्या पिस्तुलातील हवा अडवून धरणारे जे रबराचे कडे असते, ज्याला सगळे ओ-रिंग म्हणतात, ते काही काळाने बदलावे लागते याची कल्पना पिस्तूल घेताना त्यांना कुणी दिलेली नसते. कड्याची किंमत एका चहाइतकीही नसते. ते वेळेवर न बदलल्यामुळे होणारे नुकसान मात्र गुणफलकावर दिसते आणि त्याचा दोष पिस्तुलाकडे न जाता मुलाच्या मनगटाकडे जातो, हे माझ्या या पत्राचे मुख्य दुखणे आहे.

हे कसे घडते ते जरा विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. दहा मीटर एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो आणि पुढचे प्रत्येक वर्तुळ आधीच्यापेक्षा सर्व बाजूंनी ८ मिलिमीटर बाहेर असते. साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सेकंदाला साधारण १५० मीटर वेगाने निघाला, तर लक्ष्यापर्यंत पोहोचताना तो गुरुत्वाकर्षणामुळे सुमारे २२ मिलिमीटर खाली येतो. हवेच्या रोधाचा हिशेब येथे सोडून दिला आहे. सील गळू लागल्याने हाच वेग १२० मीटरवर आला, तर तो सुमारे ३४ मिलिमीटर खाली येतो. म्हणजे हात, श्वास आणि नजर यांत काडीचाही फरक न पडता छर्रा १२ मिलिमीटर खाली लागतो आणि दहाच्या मध्यावर जाणारा नेम नवाच्या वर्तुळात उतरतो. प्रत्येक वेळी नेमकी तेवढीच गळती होत असती, तर मागची साइट दोन-चार क्लिक फिरवून काम भागले असते. दुर्दैवाने झिजलेले कडे तसे वागत नाही. एका छर्‍याला ते बरे बसते, दुसऱ्याला हवा सोडते, तिसऱ्याला पुन्हा सावरते. परिणामी छर्रे उभ्या रेषेत विखुरतात. आणि असा उभा विस्कळीतपणा दिसला की मनगट सैल पडते, ट्रिगर झटकला जातो, शेवटच्या क्षणी लक्ष उडते, अशी निदाने आपल्याकडे आधी केली जातात.

माझ्या पाहण्यातील एका मुलीच्या बाबतीत हेच झाले. तिच्याकडून मनगटाचे व्यायाम करून घेतले गेले, ग्रिप लाकडाच्या भुशाने व गोंदाने भरून पुन्हा घासली गेली आणि अखेर तिला चष्म्याचा नंबर तपासून यायला सांगितले गेले. तिचे पिस्तूल एका सकाळी टेबलावर ठेवून नळीच्या मागच्या तोंडाशी टिश्यू पेपरची पातळ पट्टी धरली आणि सुरक्षित दिशेला हवा सोडून पाहिली, तेव्हा पट्टी फडफडली. हवा नळीतून पुढे जाण्याऐवजी थोडी मागे फुटत होती. छर्रा बसवल्यावर जिथे लोडिंगचा भाग बंद होतो तिथले कडे चपटे होऊन त्याच्या एका बाजूला चीर गेलेली होती. नवे कडे बसवल्यावर त्याच मनगटाने, त्याच चष्म्याने उभा विस्कळीतपणा निघून गेला. प्रशिक्षकांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. हाताची चूक शोधणे हेच त्यांचे काम आहे. परंतु हाताची चूक शोधण्याआधी ही कागदी पट्टीची चाचणी करायला मिनिटभरही लागत नाही आणि ती प्रत्येक रेंजवर नेमाने व्हायला हवी, एवढेच माझे म्हणणे आहे.

आजची बहुतेक स्पर्धेची पिस्तुले दाबाखालील हवेच्या सिलिंडरवर चालतात. सिलिंडरमध्ये साधारण २०० बारपर्यंत (बार हे दाब मोजण्याचे एकक) हवा भरलेली असते. ती दाब कमी करणाऱ्या रेग्युलेटरमधून एका लहान कोठीत येते आणि ट्रिगर दाबल्यावर हातोडीसारखा एक भाग झडपेवर आपटून ठरावीक हवा छर्‍यामागे सोडतो. या मार्गावर जिथे जिथे दोन धातूंचे भाग जोडलेले आहेत तिथे तिथे रबराचे किंवा प्लास्टिकचे सील आहे : सिलिंडरच्या तोंडाशी, दाब दाखवणाऱ्या गेजशी, रेग्युलेटरमध्ये, झडपेच्या बैठकीवर आणि नळीच्या मागच्या तोंडाशी. सर्वांत लवकर झिजते ते हे शेवटचे, कारण प्रत्येक छर्‍याला ते दाबले जाते आणि प्रत्येक वेळी शिशाचे कण व वंगणाची काजळी त्याच्यावर बसते. त्याखालोखाल सिलिंडरच्या तोंडाचे, कारण सिलिंडर काढताना व लावताना ते आट्यांवरून घासले जाते. बाकीची सीले वर्षानुवर्षे टिकू शकतात आणि विनाकारण त्यांना हात लावू नये.

गळती कुठे आहे हे ओळखण्याची रीतही सोपी आहे. रात्री सिलिंडर पिस्तुलाला लावून ठेवले आणि सकाळी गेजचा काटा खाली आलेला दिसला, तर दुसऱ्या रात्री सिलिंडर काढून वेगळे ठेवावे. तरीही काटा उतरला तर दोष सिलिंडरच्या स्वतःच्या झडपेत किंवा गेजमध्ये आहे; उतरला नाही तर पिस्तुलाच्या अंगात आहे. जोडावर साबणाच्या पाण्याचा ब्रश फिरवला की बुडबुडा जागा दाखवतो, मात्र ते पाणी लगेच पुसून घ्यावे. विश्रांतीनंतरचा पहिला छर्रा नेहमी वर आणि पुढचे जागेवर असे होत असेल, तर रेग्युलेटर हळूहळू दाब चढवतो आहे असे समजावे. हे काम अधिकृत कारागिराचे आहे. रेग्युलेटरच्या आत वाटीच्या आकाराच्या चकत्यांची एकावर एक रचलेली स्प्रिंग असते. तिची एक चकती उलटी बसली तरी सगळा हिशेब बदलतो. मोबाइलवर चित्रफीत पाहून घरच्या घरी रेग्युलेटर उघडण्याची जी लाट आली आहे ती मला अजिबात पसंत नाही.

कोणतेही सील काढण्यापूर्वी एक शिस्त पाळलीच पाहिजे. नळीत छर्रा नाही हे डोळ्यांनी पाहावे, सिलिंडर काढावे आणि त्यानंतरही कोठीत उरलेली हवा सुरक्षित दिशेला काही वेळा ट्रिगर दाबून संपवावी, आवाज पूर्ण थांबेपर्यंत. सिलिंडर काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले असे पुष्कळांना वाटते, तसे नसते. आणि हे सर्व मी फक्त एअर पिस्तुलाविषयी लिहीत आहे. पॉइंट टू-टू काडतुसाच्या पिस्तुलातही फायरिंग पिन, एक्स्ट्रॅक्टर, रिकॉइल स्प्रिंग हे भाग झिजतात, परंतु ते शस्त्र अधिनियम १९५९ च्या कक्षेतील अग्निशस्त्र आहे, त्याच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो आणि ते काम परवानाधारक दुकानदाराकडेच गेले पाहिजे.

आता सोलापूरकरांच्या खास सवयीकडे येतो. आपल्याकडे यंत्रातला कोणताही भाग बिघडला की तो गावातच मिळवायचा, ही यंत्रमागाने लावलेली सवय आहे आणि तिचा मला अभिमानही आहे. धोट्याला फटका देणारा पिकर झिजला तर माग बंद पडण्याची वाट कोणताही शहाणा जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारा कारागीर, पाहत नाही. तो आवाजावरून ओळखतो, खिशातला पिकर काढतो आणि पाळी सुरू होण्यापूर्वी बदलतो. पिस्तुलाच्या ओ-रिंगलाही नेमकी हीच दृष्टी हवी. फक्त मापाच्या बाबतीत येथे फसगत होते. औद्योगिक वसाहतीच्या आसपास हायड्रॉलिक सीलच्या दुकानांत जे खोके पुढे केले जाते त्यात पुष्कळदा इंची मापाची कडी असतात, ज्यांची जाडी १.७८ मिलिमीटर, २.६२ मिलिमीटर अशी असते. युरोपात बनलेल्या पिस्तुलांतील खाचा मात्र बहुधा दीड किंवा दोन मिलिमीटर जाडीच्या कड्यासाठी कापलेल्या असतात. दोन मिलिमीटरच्या जागी १.७८ चे कडे डोळ्यांना सारखेच दिसते, बसतेही, पण खाचेत पुरेसे दाबले जात नाही. ओ-रिंग खाचेत साधारण पाचव्या भागाइतकी चेपली गेली तरच हवा अडवते. येथे ती त्याच्या निम्म्यानेच चेपली जाते. दीडच्या जागी १.७८ घातले तर उलट लोडिंगचा भाग बंद करायला जोर लागतो, मुले तळहाताने ठोकून तो बंद करतात आणि काही आठवड्यांत त्याची बिजागरी ढिली होते.

शिवाय जुने कडे दुकानात नेऊन ‘असेच द्या’ म्हणण्यालाही फारसा अर्थ नाही, कारण जुने कडे चपटे झालेले असते, कधी फुगलेले असते, आणि व्हर्नियरच्या जबड्यात रबर दाबले जाऊन माप आणखी कमी दिसते. उत्पादकाच्या पुस्तिकेतील माप घ्यावे. पुस्तिका नसेल तर खाचेचे माप घ्यावे. कड्याचा कठीणपणाही विचारून घ्यावा. साधी कडी ७० शोअरची असतात, दाबाच्या ठिकाणी अनेकदा ९० ची लागतात. जुनी कार्बन डायऑक्साइडवर चालणारी पिस्तुले अजून काही जणांकडे आहेत. त्यांत साधे नायट्रिल रबर वायू शोषून फुगते, म्हणून तेथे पॉलियुरेथेनची कडी बरी पडतात. झडपेची बैठक, हातोडीची स्प्रिंग आणि सिलिंडरच्या तोंडाची झडप या तीन गोष्टी मात्र स्थानिक पर्यायाने भागवू नयेत. कितीही महाग पडल्या आणि कितीही उशिरा आल्या तरी त्या उत्पादकाच्याच घ्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

कडे काढण्याच्या हत्याराविषयीही एक वाक्य लिहिलेच पाहिजे. दाभण, टाचणी किंवा सुई यांनी कडे उपसताना खाचेच्या धातूवर ओरखडा उठतो आणि मग कितीही नवी कडी घातली तरी त्या ओरखड्यातून हवा जातच राहते. बांबूची टोकदार काडी किंवा दात कोरण्याची लाकडी काडी पुरते.

वंगणाचा प्रश्न याहून गंभीर आहे. आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत फुगे फोडण्याच्या ज्या बंदुका असतात त्यांत स्प्रिंगच्या पुढे चामड्याचा वॉशर असतो. तो कोरडा पडू नये म्हणून दुकानदार त्यात तेलाचे थेंब सोडतो आणि त्या बंदुकीसाठी ते बरोबर आहे. तीच रीत काही पालक व मुले हवेच्या सिलिंडरच्या पिस्तुलाला लावतात; शिलाई मशीनचे तेल सिलिंडरच्या तोंडात किंवा पंपाच्या जोडात सोडतात. २०० बारच्या हवेत खनिज तेल गेले आणि हवा एकदम भरली गेली, तर दाबामुळे वाढणाऱ्या उष्णतेने ते पेट घेऊ शकते. काही जातींचे रबर खनिज तेलाने फुगते, हा आणखी वेगळा तोटा. ओ-रिंगला लावायचे ते उत्पादकाने सांगितलेले सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला जेमतेम चकाकी येईल एवढेच. अधिक ग्रीस म्हणजे अधिक चांगले, असे येथे नाही, कारण आपल्या शहराच्या पूर्व भागात हवेतच कापसाचे तूस तरंगत असते आणि ते ग्रीसवर बसून कड्याखाली सरकते. पिस्तूल टेबलावर उघडायचे झाल्यास त्याखाली टॉवेल अंथरू नये, हे टॉवेलांच्या गावात सांगावे लागते याचे मलाही हसू येते. परंतु त्याच्या गाठींचे तंतू मी झडपेतून चिमट्याने काढले आहेत.

उन्हाळी शिबिरे आपल्याकडे नेमकी एप्रिल-मेमध्ये भरतात. सोलापूरचा पारा तेव्हा चाळिशीच्या वर असतो आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत त्याहून बराच अधिक. पंचवीस अंशांच्या खोलीत २०० बार भरलेले सिलिंडर साठ अंशांपर्यंत तापले तर आतील दाब सुमारे २२३ बार होतो, हा शाळेतल्या वायूच्या नियमाचा साधा हिशेब आहे. एवढ्याने चांगले सिलिंडर फुटत नाही, कारण त्याची चाचणी याहून जास्त दाबाला झालेली असते. पण भरण्याची मर्यादा ओलांडली जाते, सील जास्त ताणली जातात, आणि उष्णतेत रबर वेगाने म्हातारे होते ते वेगळेच. म्हणून शिबिराच्या दिवसांत सिलिंडर थोडे कमी भरावे, पिस्तुलाची पेटी डिकीत न ठेवता सोबत न्यावी, आणि जादा कडी आणून ठेवताना ती वर्षभराच्या गरजेपुरतीच आणावीत. कडी खिळ्याला लटकवून ठेवू नयेत, उन्हात ठेवू नयेत आणि चालत्या विजेच्या मोटारीजवळ ठेवू नयेत, कारण मोटारीच्या ठिणग्यांतून निर्माण होणारा ओझोन रबराला चिरा पाडतो. ज्यांच्या घरातच माग आहेत त्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

हातपंपाने हवा भरणाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. सलग पंप मारत राहिल्याने पंपाची सील तापतात आणि हवेतील ओल सिलिंडरमध्ये जाते. थोडे पंप मारावेत, थांबावे, पंपाची ओल सोडावी, पुन्हा मारावेत. घाई असणाऱ्यांनी दुसरा खेळ निवडावा, असे मी मुलांना चेष्टेने म्हणतो.

सिलिंडरविषयी मात्र चेष्टा नाही. प्रत्येक सिलिंडरवर निर्मितीची किंवा वैधतेची तारीख कोरलेली असते आणि बहुतेक उत्पादक दहा वर्षांची मुदत देतात. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार सिलिंडर मुदतीत असल्याची जबाबदारी खेळाडूची आहे आणि साहित्य तपासणीत ती तारीख पाहिली जाऊ शकते. जुने पिस्तूल विकत घेताना पालक नळी पाहतात, ग्रिप पाहतात, रंग पाहतात आणि सिलिंडरवरची तारीख पाहत नाहीत. पुढे स्पर्धेच्या दारात ती तारीख दुसऱ्याच कुणाला दिसते. मुदत संपलेले सिलिंडर लेथवर घासून, आटे नव्याने पाडून किंवा वेल्डिंग करून वापरण्याचा विचारही करू नये. पिस्तुलाची बाकी सर्व दुरुस्ती चुकली तर गुण जातील; ही चुकली तर हात जाईल.

ट्रिगरची झीज वेगळ्या रीतीने त्रास देते. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान ५०० ग्रॅम वजन पेलता आले पाहिजे, असा नियम आहे. तपासणीत नळी उभी धरून ट्रिगरला वजन लावून उचलतात, त्या वेळी हवेचा दाबही सोडण्याच्या स्थितीत असावा लागतो, आणि खेळाडूला तीनच संधी मिळतात. पुष्कळ मुले ट्रिगर अगदी ५०२-५०३ ग्रॅमवर आणून ठेवतात. स्प्रिंग थोडी सैल पडली, एकमेकांत अडकणाऱ्या कडा थोड्या गुळगुळीत झाल्या किंवा समायोजनाचा बारीक स्क्रू प्रवासातील हादऱ्याने पाव फेरा फिरला, की तेच ट्रिगर ४९५ ला सुटते. पहाटे उठून हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला गेलेल्या मुलाला बालेवाडीच्या तपासणी टेबलापाशी अनोळखी माणसाकडून पाना मागावा लागतो तो यामुळे. ५१५-५२० ग्रॅमवर ट्रिगर ठेवल्याने कुणाचे गुण कमी झालेले मी पाहिलेले नाहीत. ट्रिगरच्या कडा पॉलिश पेपरने घासून ‘मऊ’ करण्याचा उद्योग मात्र कायमचे नुकसान करतो, कारण त्या कडांवरील कठीण थर फार पातळ असतो.

बिघाड कोणाला चुकत नाही, हे २५ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकमध्ये सगळ्यांनी पाहिले. मनू भाकर यांचा प्राथमिक फेरीत पिस्तुलाच्या बिघाडामुळे बराच वेळ गेला, त्यांनी ५७५ गुण केले, त्या बाराव्या आल्या आणि अंतिम फेरीची संधी दोन गुणांनी हुकली. तो बिघाड देखभालीच्या अभावी झाला असे मला मुळीच सुचवायचे नाही. त्या स्तरावरील साहित्याची काळजी घेणारी माणसे वेगळी असतात. सांगायचे एवढेच की साठ छर्‍यांसाठी सव्वा तास मिळतो आणि घड्याळ थांबत नाही. आपल्या जिल्ह्यातील मुलाकडे ना दुसरे पिस्तूल असते ना शेजारी उभा कारागीर. त्याच्यासाठी पेटीतली दोन कडी, योग्य मापाची अ‍ॅलन की आणि इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असल्यास नवी बॅटरी, एवढाच आधार असतो.

जुन्या पिस्तुलांच्या खरेदीविक्रीबद्दलही सावध करणे भाग आहे. ‘दहा वर्षे पेटीतच होते, हात लावलेला नाही’ असे सांगून विकले जाणारे पिस्तूल हे चांगल्या स्थितीतले असते, असा समज आहे. सील वापराने झिजते तसे न वापरताही जुने होते. जर्मनीतील डायना कंपनीच्या सत्तरच्या दशकातील स्प्रिंगच्या काही स्पर्धा-पिस्तुलांतील पिस्टनची कृत्रिम सील पेटीत पडल्या पडल्या भुसभुशीत होऊन चुरा होतात, हे त्या पिस्तुलांच्या शौकिनांना चांगले ठाऊक आहे. त्यामुळे अशा खरेदीत सगळी सील बदलण्याचा खर्च किमतीत धरूनच व्यवहार करावा.

झीज मोजायची कशी, हा प्रश्न पालक विचारतात. महिन्यांनी मोजण्यात अर्थ नाही, कारण परीक्षेच्या काळात पिस्तूल पेटीत असते आणि सुट्टीत रोज चालते. छर्‍यांच्या डबीत ५०० छर्रे असतात. डबी संपली की पेटीच्या झाकणाच्या आत पेन्सिलने एक रेघ ओढावी. पाच रेघांनंतर कागदी पट्टीची चाचणी करावी, दहा रेघांनंतर मागच्या तोंडाचे कडे भिंगातून पाहावे आणि ते थोडेही चपटे दिसले तर बदलावे. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत आणि पिस्तुलाच्या बनावटीनुसार कमीजास्त होतील. उत्पादकाने वेगळे सांगितले असल्यास त्याचे ऐकावे. त्या रेघांशेजारी कडे कधी बदलले, सिलिंडरची मुदत कोणत्या वर्षी संपते आणि ट्रिगर किती ग्रॅमवर आहे हे लिहिले, की पुढे ते पिस्तूल ज्याच्या हाती जाईल त्यालाही उपयोग होतो. आणि स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात चालत्या पिस्तुलाचे काहीही बदलू नये. नवे कडे बसायला वेळ घेते आणि नेमाची उंची थोडी सरकते. ती सरावातच सरकू द्यावी.

आपल्या दैनिकामार्फत जिल्ह्यातील नेमबाजी केंद्रांना आणि क्रीडा विभागाला माझी विनंती आहे ती अशी. प्रत्येक केंद्रावर तेथील पिस्तुलांच्या मापाच्या ओ-रिंगा, सिलिकॉन ग्रीस, ट्रिगर तपासण्याचे प्रमाणित वजन आणि एक भिंग असलेला डबा ठेवावा आणि त्याचा खर्च प्रवेश फीमध्येच धरावा. शिबिर सुरू होण्यापूर्वी एक दिवस केवळ साहित्य तपासणीसाठी राखावा, आणि त्या दिवशी मुलांनी स्वतःच्या हाताने आपल्या पिस्तुलाचे मागचे कडे बदलून दाखवावे. जे पिस्तूल लाखाचे आहे ते उघडायला मूल घाबरते आणि ती भीती घरी जात नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून फिटरचा अभ्यासक्रम करून बाहेर पडणाऱ्या मुलांपैकी दोघा-तिघांना एखाद्या अधिकृत दुरुस्ती केंद्रात काही आठवडे पाठवता आले, तर रेग्युलेटर व झडपेच्या कामासाठी दर वेळी पुण्या-मुंबईला पेटी पाठवावी लागणार नाही. या गावातील फिटरच्या बोटांत ते कसब नक्की आहे. त्यांनी फक्त सिलिंडरला आणि त्याच्या जोडण्यांना हात लावायचा नाही, ही अट पहिल्याच दिवशी लेखी घालावी.

आपला विश्वासू,
यंत्रमाग देखभालीतील एक निवृत्त जॉबर
सोलापूर